चाकांवरच्या खोलीचे गळके छत : जुन्या ट्रेलरची दुरुस्ती

रायपूरमध्ये ‘ट्रेलर’ म्हटले की सिलतरा-उरला भागातून लोखंड लादून टाटीबंधच्या दिशेने निघालेला लांबलचक ट्रक डोळ्यांसमोर येतो. या टिपणातला ट्रेलर तो नव्हे. जीप किंवा पिकअपच्या मागे जोडून ओढून नेता येते अशी राहण्याजोगी छोटी खोली, म्हणजे ज्याला कॅराव्हॅनही म्हणतात, तिच्याबद्दल आपण बोलत आहोत. कोणी ती प्रवासासाठी घेतो, कोणी बांधकामाच्या साईटवर ऑफिस म्हणून, कोणी नाश्त्याचा धंदा थाटण्यासाठी. नवी परवडत नाही म्हणून जुनी घेतली जाते, आणि जुन्या ट्रेलरमध्ये सर्वांत आधी तपासायची गोष्ट म्हणजे छत.

समजा, एका कुटुंबाने साठवलेल्या पैशांतून एप्रिलमध्ये असा ट्रेलर घेतला. लांबी ४ मीटर, रुंदी २ मीटर. आत एका कोपऱ्यात तपकिरी डाग आहे. विकणारा म्हणतो, वरून डांबर मारा, थांबेल. हा सल्ला का घेऊ नये, हे समजले तर या विषयातले निम्मे काम झाले.

कवेलूचे छत आणि ट्रेलरचे छत

रायपूरच्या जुन्या वस्त्यांतली खपरेल घरे आठवा. विदर्भात आपण त्यांना कवेलूची घरे म्हणतो. मृग लागण्याआधी कवेलू फेरायचे, फुटलेले बदलायचे, हा दरवर्षीचा नेम. असे छत थोडेफार गळतेच. पण कवेलूंच्या फटींतून वारा खेळतो, त्यामुळे भिजलेला वासा ऊन पडले की सुकतो. पिढ्यान्‌पिढ्या तेच वासे टिकलेली घरे याच कारणाने दिसतात.

ट्रेलरचे छत याच्या अगदी उलट असते. सर्वांत वर ॲल्युमिनियमचा पत्रा किंवा रबरी आवरण, त्याखाली प्लायवूड, मग आडवे वासे आणि त्यांच्यामध्ये थर्माकोल, सर्वांत खाली आतले पातळ पॅनेल. चार-पाच सेंटिमीटरच्या जाडीत हे सगळे दाबून बसवलेले असते. एकदा आत शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. म्हणजे गळके कवेलूचे छत लाकूड वाचवते आणि बंदिस्त ट्रेलरचे छत ते कुजवते. अशा छतावर डांबराचा थर दिला की आतला ओलावा पक्का कोंडला जातो. गळती थांबल्यासारखी वाटते, पण लाकूड आतून जातच राहते.

लाकूड पाण्याने कुजत नाही, बुरशीने कुजते. लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली असेल तर ही बुरशी वाढत नाही. तो ३० टक्क्यांच्या आसपास गेला आणि सोबत ऊब व थोडी हवा मिळाली की ती लाकडाचे तंतूच खाऊ लागते. रायपूरचा जुलै-ऑगस्ट तिला जणू आमंत्रणच देतो. कुजलेले लाकूड आधी मऊ होते, सुकल्यावर त्याला आडव्या-उभ्या भेगा पडून चौकोनी खपल्या सुटतात. वाळवीने पोखरलेल्या लाकडात मातीच्या नळ्या दिसतात, इथे त्या नसतात. दोन्हींची गल्लत करू नका, उपाय वेगळे आहेत.

पाणी शिरते कुठून

पत्र्याच्या मधल्या सपाट भागातून सहसा नाही. शिरते ते सांध्यांतून: छत आणि भिंत जुळते ती कड, हवेच्या झरोक्याची चौकट, दिव्याची वायर आत येते ते भोक, आणि आपल्याकडे हमखास, कूलर किंवा एसी बसवण्यासाठी नंतर कापलेली जागा. छतावर कूलर ठेवला असेल तर पावसाळ्याची वाट पाहायलाही नको. तो भर उन्हाळ्यात पाणी ठिबकवत असतो.

सांधा उघडतो का, याचे उत्तर आकड्यांत आहे. मे महिन्यात दुपारी पत्रा ६५-७० अंशांपर्यंत तापू शकतो, डिसेंबरच्या पहाटे तो १२ अंशांवर येतो. एवढ्या फरकाने ४ मीटर ॲल्युमिनियमचा पत्रा सुमारे ५ मिलिमीटर लांबतो आणि आखडतो. त्याच लांबीचा लाकडी वासा एक मिलिमीटरही हलत नाही. उन्हाने तापलेल्या पत्र्यावर अचानक सर आली तर हाच खेळ काही मिनिटांत होतो. म्हणून सांध्यात कडक होणारे काहीही टिकत नाही. इपॉक्सी पुट्टी, सिमेंट, रंगाऱ्याची लांबी हे सगळे वर्ष-सहा महिन्यांत तडकते. तडा केसाएवढा असला तरी पुरतो: ५० मिलिमीटर पावसात या छतावर ४०० लिटर पाणी पडते. त्यातला हजारावा भाग आत गेला तरी दोन पेले झाले, आणि रायपूरला वर्षाला १२०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो.

डाग जिथे दिसतो तिथेच भोक असते, ही समजूत सोडून द्या. पाणी वाशाच्या कडेने धावते आणि अडेल तिथे खाली येते. उगम दीड-दोन मीटर दूरही असू शकतो. शोधण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे नळीने पाणी सोडणे, पण खालून वर. आधी खिडकीची कड, मग भिंतीचा सांधा, शेवटी छत, आणि प्रत्येक जागी दहा मिनिटे. एकदम वरून पाणी ओतले तर सगळीकडे भिजते आणि काहीच कळत नाही. दुसरी रीत मला अधिक पटते. दारे-खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बंद करायच्या, एका खिडकीतून साध्या ब्लोअरने हवा आत सोडायची आणि छताच्या सांध्यांवर साबणाचे पाणी लावायचे. जिथे बुडबुडे येतील तिथे वाट आहे. सायकलचे पंक्चर काढणारा हेच करतो, फक्त पाण्याची घमेली वापरून.

कुजलेला भाग किती, हे आतून ठरवावे. पेचकसाचे टोक दर वीत-दीड वीत अंतरावर टोचत जा; निरोगी लाकूड टोक अडवते, कुजलेल्यात ते लोण्यात गेल्यासारखे जाते. आतले पॅनेल नवे-कोरे दिसत असेल तर अधिक संशय घ्या. विकण्याआधी कुजलेल्यावर नवे पॅनेल ठोकणे सोपे असते. कूज भिंतीच्या खांबांत उतरून तळाच्या चौकटीपर्यंत पोचली असेल, तर दुरुस्तीचा खर्च आणि ट्रेलरची किंमत कागदावर मांडून मगच पुढे जा. अशा वेळी सौदा सोडणे हाही शहाणपणाचा निर्णय असतो.

उघडणे

काम होळीनंतर सुरू करून जूनच्या पहिल्या आठवड्यात संपवावे. पाऊस जूनच्या मध्याला येतो. आधी वीज तोडा आणि चाकांना ओट लावा. चारही कोपऱ्यांखाली भक्कम ठोकळे हवेत. छतावर थेट उभे राहू नका. दोन भक्कम वाशांवर टेकेल अशी फळी टाकून तिच्यावर बसा. कुजलेल्या प्लायवरून आत पडून झालेली दुखापत साध्या घरगुती कामातली वाटते, पण खाली स्टीलची शेगडी किंवा ओटा असतो. बुरशीची धूळ उडते, म्हणून नाका-तोंडावर मास्क.

एक गोष्ट नवशिक्याच्या लक्षात येत नाही: छत दोन्ही भिंतींना बांधून ठेवते. पूर्ण छत एकदम काढले तर भिंती बाहेर फाकतात आणि नवे छत मापात बसत नाही. म्हणून अर्धे-अर्धे काम करावे, आणि उघडलेल्या भागात भिंतीपासून भिंतीपर्यंत तात्पुरत्या आडव्या पट्ट्या ठोकाव्यात. उघडण्याआधी मापे घ्या, मोबाईलवर फोटो काढा. वायर कुठून गेली होती हे नंतर कोणालाच आठवत नाही.

कुजलेला प्लाय डागापुरता कापू नये. पुढचा निरोगी वासा येईपर्यंत कापावा, म्हणजे नव्या तुकड्याची कड लाकडावर टेकते. भिजलेला थर्माकोल फेकून द्या. मग थांबा. हे थांबणेच लोकांना जमत नाही. रायपूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात उघडे लाकूड काही दिवसांत सुकते. ओलावा मोजण्याचे यंत्र १५ टक्क्यांच्या खाली दाखवेपर्यंत वर काहीही चढवू नये. सुकलेल्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचे द्रावण द्यावे. ते बुरशी आणि वाळवी दोन्हींना रोखते, पण पाण्यात विरघळते, म्हणून झाकल्या जाणाऱ्या लाकडालाच उपयोगी.

बांधणे आणि सांधणे

वासा टोकालाच गेला असेल तर पूर्ण काढण्याची गरज नाही. कुजका भाग कापून निरोगी भागाच्या बगलेला नवा वासा पाण्याला न दाद देणाऱ्या सरसाने व स्क्रूने जोडावा. लाकूड कोणते? छत्तीसगडचा राज्यवृक्ष साल, टिकाऊपणाबद्दल त्याचे नाव आहे, आणि स्थानिक सुतार तोच सुचवेल. पण सालाचे वजन घनमीटरला ८०० किलोहून अधिक भरते. ट्रेलरच्या डोक्यावर वजन वाढले की तो वळणावर झुकतो आणि ओढणारी गाडी डळमळते. सुकवलेला साग हलका पडतो, तोच घ्यावा. प्लाय मात्र ‘मरीन’ दर्जाचा, ज्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो, तोच हवा. आठ चौरस मीटरला ९ मिलिमीटरचा प्लाय सुमारे ४५ किलो होतो. त्यापेक्षा जाड टाकून मजबुती मिळवण्याचा मोह टाळा. मजबुती वाशांतून येते.

प्लाय बसवताना मधला भाग किंचित उंच राहील असे पाहा. सपाट छतावर पाणी साचते: एक चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे १० किलो, आणि त्या वजनाने छत आणखी खोलगट होते.

पत्रा बसवताना नियम कवेलूचाच: वरचा थर खालच्यावर चढलेला असावा. सीलंट निकामी झाले तरी पाणी उतारानेच जाईल अशी रचना आधी करायची, सीलंट हा नंतरचा आधार. झरोक्याच्या चौकटीखाली ब्युटिलची चिकट पट्टी घालून मग स्क्रू आवळावेत. वरून नुसते काहीतरी फासणे म्हणजे जखमेवर कपडा झाकणे. ॲल्युमिनियमला साधे लोखंडी स्क्रू लावू नका. दोन धातू ओलाव्यात एकत्र आले की जवळचे ॲल्युमिनियम झिजते आणि लोखंडही गंजते. स्टेनलेसचे वापरा, प्रत्येकाच्या डोक्याखाली सीलंट लावा. बाहेरच्या सांध्यांना पॉलियुरेथेनचे लवचिक सीलंट चांगले. ते ताणते आणि परत येते. व्हिनेगरसारखा वास येणारे स्वस्त सिलिकॉन इथे नको. त्यातून सुटणारे ॲसिड धातूला खाते, त्यावर रंग धरत नाही, आणि पुढच्या वेळी त्यावर दुसरे सीलंटही चिकटत नाही. जुने सिलिकॉन असेल तर आधी खरवडून पूर्ण काढावे लागते, आणि हे काम कंटाळवाणे आहे हे आधीच सांगून ठेवतो.

शेवटी पांढरा, ऊन परतवणारा रंग. त्यामुळे पत्रा कमी तापतो, म्हणजे सांधे कमी हलतात. आत बसणाऱ्याला गारवा मिळतो तो वेगळाच.

वर ताडपत्री बांधायची असेल तर ती छताला चिकटवून ताणू नका. खाली काठ्या घालून हाताच्या तळव्याएवढी जागा सोडा, नाहीतर खालचा ओलावा पुन्हा कोंडतो. ट्रेलरमध्ये स्वयंपाक होत असेल तर वाफेलाही वाट हवी, झरोका थोडा उघडा ठेवा. आणि जूनमधली पहिली मोठी सर थांबली की त्याच संध्याकाळी आत जाऊन जुन्या डागाच्या जागी ओलाव्याचे यंत्र लावून आकडा वहीत लिहा. दर पंधरवड्याला तीच नोंद करत राहिल्यावर, सप्टेंबरअखेर आकडा १५ च्या खालीच राहिला तर आतले पॅनेल कायमचे लावायला हरकत नाही.