जुन्या पिकअपचा हौदा आणि टोमॅटोची कीड

बंगळुरूतील मल्लेश्वरमच्या बाजारापर्यंत भाजी पोहोचवणाऱ्या जुन्या पिकअप गाड्यांच्या मालकांच्या तक्रारी ठरलेल्या असतात: पाटे बसले, हौद्याचा पत्रा गंजला, मागचा फाळका नीट लागत नाही. इंजिन बिघडले की गाडी थांबते, म्हणून त्याची दुरुस्ती त्वरित होते. हौद्याचे दोष मात्र वर्षानुवर्षे तसेच राहतात. कीटकशास्त्राच्या दृष्टीने तेच अधिक चिंताजनक आहेत.

टोमॅटोची पाने व फळे पोखरणारी ‘टुटा ॲब्सोल्युटा’ ही मूळची दक्षिण अमेरिकेतील कीड भारतात प्रथम २०१४ मध्ये महाराष्ट्रात आढळली. तिची मादी सुमारे २६० अंडी घालू शकते. किडकी फळे, क्रेट आणि वाहने यांमधून ती दूरवर पसरते. गंजलेल्या पत्र्याच्या फटींत साचलेली माती, पाने आणि फुटलेली फळे अळ्यांना व कोषांना आसरा देऊ शकतात. रिकामी गाडी मग त्यांच्यासह शिवारात परतते.

म्हणून माल उतरताच हौदा झाडावा, शेतात शिरण्यापूर्वी तो आणि क्रेट स्वच्छ धुवावेत, पत्र्याची भोके बुजवून घ्यावीत आणि किडकी फळे खोल पुरावीत. विस्तार कार्यकर्त्यांनी कामगंध सापळ्यांची पाहणी करताना बांधावर उभ्या असलेल्या गाडीचा हौदाही अवश्य तपासावा.