पिन राखावी, बुश बदलावा

फियाटचं पुढचं चाक जॅकवर उचलायचं. एक हात टायरच्या माथ्यावर, दुसरा तळाशी, आणि आत-बाहेर हलवायचं. टक्-टक् वाजलं की कुठलातरी सांधा झिजलाय. पण कुठला? मग गाडीत बसलेल्याने ब्रेक दाबून धरायचा. आवाज बंद झाला तर चाकाचं बेअरिंग सैल आहे, ब्रेक दाबूनही वाजत राहिला तर किंगपिन, म्हणजे चाक डावी-उजवीकडे ज्या उभ्या पिनीवर वळतं ती. ही परीक्षा मी दहाव्या वर्षी सुरतेला, उधन्यात काकांच्या दारात शिकलो. ब्रेक दाबायचं काम माझं होतं, आणि पायाखाली ती टक्-टक् जाणवायची. तेव्हापासून झिजलेल्या सांध्यांचं वेड लागलं ते सुटलेलं नाही.

काका मूळचे धुळ्याचे. खानदेशातली असंख्य घरं लूमच्या कामासाठी सुरतेत आली, त्यांतलंच आमचं एक. वर्षाला चार-पाच खेपा व्हायच्या: सुरत, सोनगड, नवापूर, मग कोंडाईबारीचा घाट आणि धुळं. त्या रस्त्याने किती किंगपिनी खाल्ल्या असतील! दर पावसाळ्यानंतर काका आणि मिस्तरी यांचा एकच वाद. काका म्हणायचे, "पिन अर्धी फिरवून लाव, झिजलेली बाजू मागे जाऊ दे. अजून एक वर्ष निघेल." मिस्तरी म्हणायचा, "भाऊ, पिन फिरवल्यानं बुश नवा होतो का?"

मिस्तरीचं बरोबर होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. किंगपिन कडक पोलादाची, तिला धरणारा नळीसारखा बुश मऊ ब्राँझचा. ही जोडी मुद्दामच अशी केलेली असते. दोघांपैकी एकाने झिजायचं आणि ते बुशाने, कारण तो स्वस्त आणि बदलायला सोपा. म्हणून बुश बदलणं म्हणजे गाडीचा जुनेपणा घालवणं नव्हे. कारखान्यात गाडी बनली त्याच दिवशी ते ठरलेलं होतं. पिनीचं वेगळं. ग्रीस वेळेवर मिळालं असेल तर ती कितीतरी बुशांना पुरून उरते. ग्रीसचा निपल चिखलाने बुजला असेल तर तिच्यावरही खाच पडते, आणि नख फिरवलं की ती लागते. अशी पिन फिरवून लावणं म्हणजे नव्या बुशात कानस घालणं.

खरी कसोटी रीमरची, म्हणजे भोक नेमक्या मापाला कापणाऱ्या हत्याराची. नवे दोन बुश ठोकून बसवले की आत थोडे आवळतात. लांब रीमर घालून दोन्ही एका रेषेत कापावे लागतात. वरचा वेगळा, खालचा वेगळा कापला तर पिन जाते खरी, पण तिरपी बसते, स्टिअरिंग जड होतं आणि महिन्याभरात खेळ पुन्हा सुरू. आमच्या गाडीचं एका गॅरेजात नेमकं हेच झालं होतं. नीट जमलेलं काम ओळखायची खूण अशी: तेल लावलेली पिन अंगठ्याने दाबल्यावर आत जावी, आपल्या वजनाने पडू नये. सुरतेचं भाग्य असं की इथे लूमचे सुटे भाग करणारे लेथवाले गल्लोगल्ली आहेत. ज्या हाताला लूमचा बुश कळतो त्याला किंगपिनचा बुश परका नाही.

याच फियाट घराण्यातली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. आता उरल्या त्या हौसेच्या गाड्या. हौशी मंडळींत एक सोवळेपणा दिसतो: कारखान्यातून निघाला तोच भाग हवा, झिजला तरी चालेल. त्यांनी जुलै २०२१ ची केंद्राची अधिसूचना वाचावी. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो. नोंदणीला वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. बुश, पिन यांचा तिथे उल्लेखच नाही, आणि ते योग्यच आहे. मूळपणा झिजण्याच्या भागांत शोधायचाच नसतो.

इथपर्यंत मला वाटत होतं की सगळ्या सांध्यांना हाच न्याय लागू आहे. जीपने ते खोटं ठरवलं.

दुसऱ्या महायुद्धातल्या जीपच्या पुढच्या ॲक्सलला, चाक वळतं तिथे, एकाच जातीचा सांधा नव्हता. बेंडिक्स-वाइस, झेप्पा, स्पायसर आणि ट्रॅक्टा, असे चार. मागणी इतकी प्रचंड होती की जो बनवून देईल त्याच्याकडून घेतले. बाहेरून सगळे सारखे, कारण गोल हाउसिंगच्या आत झाकलेले. अमेरिकी लष्कराच्या टीएम ९-१८०३बी या दुरुस्तीपुस्तिकेची एक बांधीव झेरॉक्स माझ्याकडे आली आणि त्या पानांवर मी अनेक रात्री घालवल्या.

चार सांधे लागले कशाला? साधा क्रॉसचा सांधा (दोन योक, मध्ये अधिक-चिन्हासारखा क्रॉस) कोनात फिरला की चाल एकसारखी राहत नाही. तीस अंशांच्या कोनात एकाच फेऱ्यात चाक दोनदा सुमारे पंधरा टक्के वेगाने आणि दोनदा तेरा टक्के हळू फिरतं. वळणावर स्टिअरिंग हाताला झटके देतं. स्पायसर याच जातीचा. बाकीचे तिघे ही खोड मोडायला निघाले.

त्यांतला ट्रॅक्टा माझा लाडका. कल्पना पिएर फनाय या फ्रेंच गृहस्थाची. ती गाडीत उतरवली त्याचा मित्र झाँ-आल्बेर ग्रेगुआर याने. १९२६ च्या सुमाराला दोघांनी पुढच्या चाकांवर चालणारी गाडी केली, तिचं नाव ट्रॅक्टा, आणि १९२७ मध्ये ती ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत उतरवली. पुढे आडलरसारख्या जर्मन कारखान्यांनी तो सांधा परवान्यावर घेतला. ग्रेगुआरचं नाव राहिलं, फनायला आज कोणी ओळखत नाही. मला हा अन्याय वाटतो. या सांध्यात एकही गोळी नाही. दोन काटे, मध्ये दोन तुकडे, आणि सपाट पृष्ठभाग एकमेकांवर सरकतात. घर्षण जास्त, उष्णता जास्त, पण लेथ आणि मिलिंगवर बनतो.

झेप्पा याच्या उलट. सहा गोळ्या, पिंजरा आणि वक्र खाचा. आजच्या बहुतेक गाड्यांतला सीव्ही (एकसमान वेगाचा) जॉइंट याच घराण्यातला. चाल सुरेख, पण सगळी ताकद पोलादाच्या वरच्या पातळ कडक थरात. तो थर फुटला की संपलं. खाच घासून गुळगुळीत केली तर खाली मऊ लोखंड लागतं आणि गोळी त्यात रुतते. डाव्या-उजव्या शाफ्टची अदलाबदल करून न झिजलेली बाजू कामाला लावायची युक्ती मिस्तरी करतात. त्याने काही महिने मिळतात, सांधा दुरुस्त होत नाही.

या दोघांतला फरक मी डोळ्यांनी पाहिला तो ऑगस्ट २००६ मध्ये. उकाई धरणाचं पाणी सुटलं आणि तापीने सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली घेतला. पाणी ओसरल्यावर मामांच्या जुन्या जीपची नकल, म्हणजे चाकाजवळचं ते गोल हाउसिंग, उघडली. ग्रीसचा चहा झाला होता आणि तळाशी तापीचा गाळ. आत ट्रॅक्टा. घासलेटात धुतला. सरकत्या बाजूंवर ओरखडे होते, पण भेगा नाहीत. तेलाच्या दगडावर हलके फिरवले, नवे सील, नवं ग्रीस, आणि जीप चालली. त्याच आठवड्यात शेजारच्या एका नव्या गाडीचा सीव्ही जॉइंट उघडला. गोळ्या जिथे टेकून थांबल्या होत्या तिथेच गंजाचे खड्डे पडले होते. तो फेकून नवा घालण्याला पर्याय नव्हता.

तेव्हा माझं मत आता पक्कं आहे. सरकणारा सांधा दुरुस्त करावा, गोळ्यांचा बदलावा. किंगपिनचा बुश न कुरकुरता नवा घालावा, पिन मोजून राखावी. स्पायसरचा क्रॉस बाजारात मिळतो, तो बदलावा आणि योक ठेवावा. आणि भेग दिसलेला कुठलाही भाग, तो कितीही दुर्मीळ असो, वेल्डिंग करून पुन्हा लावू नये. त्या चाकावर माणसं बसतात.

एक विनंती. तुमच्याकडे किंवा गावात कुणाकडे युद्धकाळातली जीप असेल तर नकल उघडाल तेव्हा आतला सांधा चारपैकी कोणता आहे ते बघा, फोटो काढा, मापं वहीत लिहा आणि ती वही गाडीतच ठेवा. सांधा न ओळखता मागवलेला भाग बसत नाही, आणि चांगला जुना तोवर भंगारात गेलेला असतो.