हिरवा चहा : गुण आणि मर्यादा

हिरवा चहा व काळा चहा ही दोन निरनिराळी झाडे नव्हेत. दोन्ही एकाच झुडपाच्या कोवळ्या पानांपासून तयार होतात. फरक पडतो तो खुडणीनंतरच्या क्रियेत. काळ्या चहासाठी पाने कोमेजवून चुरगळतात. तेव्हा पानांतील विकरांमुळे तुरट द्रव्यांचा प्राणवायूशी संयोग होऊन पाने काळसर होतात. हिरव्या चहाची पाने मात्र लवकरच वाफवतात किंवा तापल्या कढईत परततात. उष्णतेने विकर निकामी होतात आणि कॅटेचिन नावाची तुरट द्रव्ये बहुतांशी टिकून राहतात. जपानी शास्त्रज्ञ मिचियो त्सुजिमुरा यांनी १९२९ साली हिरव्या चहातून कॅटेचिन वेगळे केले.

या द्रव्यांपासून आरोग्यास लाभ किती? जपानच्या मियागी प्रांतातील ४०,५३० प्रौढांच्या पाहणीचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. दररोज ५ किंवा अधिक पेले हिरवा चहा पिणाऱ्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होणारे मृत्यू कमी आढळले. कर्करोगाच्या मृत्यूंत मात्र तसा फरक दिसला नाही. शिवाय अशा पाहणीत संबंध दिसतो, परंतु चहा हेच त्याचे कारण होय असे सिद्ध होत नाही. म्हणून हिरवा चहा हे पेय आहे, औषध नव्हे, हे ध्यानी ठेवावे.

कॅटेचिनचा दुसरा गुणही जाणून घेणे अगत्याचे आहे. धान्य, कडधान्ये व पालेभाज्यांतील लोहाशी संयोग पावून ते लोह शरीरात शोषले जाण्यास अडथळा करते. काळ्या चहातील तुरट द्रव्येही असेच करतात. ज्यांच्या अंगी रक्त कमी आहे अशा स्त्रियांनी, विशेषतः गरोदर मातांनी, जेवणाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर कोणताही चहा घेऊ नये. मध्ये निदान एक तास जाऊ द्यावा.

हिरव्या चहाच्या अर्काच्या गोळ्यांबाबत अधिक सावधगिरी हवी. मुख्य कॅटेचिन गोळ्यांवाटे दररोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक घेतल्यास यकृताला इजा झाल्याची चिन्हे दिसू शकतात, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली दिला. वजन घटविण्यासाठी अशा गोळ्या वैद्यकीय सल्ल्यावाचून घेऊ नयेत.

आपल्या परसातील गवती चहा हे निराळे गवत आहे. हिरव्या चहाचे गुण त्याला लावू नयेत. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी या गोष्टी, विशेषतः लोहाच्या गोळीविषयीची सूचना, घरोघरी समजावून सांगाव्यात.