रुग्ण कोरेगावात, रक्त साताऱ्यात. मधल्या वेळेत काय?

प्रसूतीनंतर वा अपघातात जोराचा रक्तस्राव झाला, की आधी तो थांबवायचा. रक्ताची पिशवी त्यानंतर. नुसतेच सलाईन भरपूर चढवले तर रक्त पातळ होते, नीट गोठत नाही. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचे इंजेक्शन ३ तासांच्या आत दिले तरच उपयोगाचे. औषध स्वस्त आहे, तालुक्यालाही सहज ठेवता येते.

१०४ वर फोन येताच मोटारसायकलवरून शीतपेटीत रक्त पोचवणारी ‘जीवन अमृत’ योजना २०१४ मध्ये राज्यभर गेली. त्याआधी ती सातारा-सिंधुदुर्गातच आजमावली होती! २०२२ मध्ये ती बंद झाली.

रक्तपेढीत जाताना डॉक्टरांच्या चिठ्ठीसोबत रुग्णाच्या रक्ताचा ताजा नमुना न्या. जुळवणी त्यावरच होते; रक्तगटाचा जुना कागद चालत नाही.