'पोप' शब्दाचे दोन अर्थ

मराठीत 'पोप' हा शब्द दोन अर्थांनी येतो. रोमच्या धर्मपीठाचा अधिपती हा एक. धर्माच्या नावाने लोकांवर सत्ता गाजविणारा पुरोहित हा दुसरा. जुने लेख अभ्यासताना या दोहोंची गल्लत झाल्यास लेखकाच्या मताचा विपर्यास होतो.

शब्दाचे मूळ ग्रीक 'पापास' व लॅटिन 'पापा', म्हणजे बाप. आरंभी हे संबोधन अनेक बिशपांस लावीत. पश्चिमेकडे ११ व्या शतकात ते रोमच्या बिशपापुरते राखले गेले. पोर्तुगीज 'पाद्रे'वरून आलेल्या आपल्या 'पाद्री' शब्दाचाही मूलार्थ बाप हाच. गोव्यातील कोंकणीत पोपास 'पाप सायब' म्हणतात. तेथील 'पाप' पोर्तुगीजातून आलेला असून पातकवाचक शब्दाशी त्याचे नाते नाही. मराठीने मात्र इंग्रजी रूप स्वीकारले.

दुसऱ्या अर्थाचा ठळक दाखला हिंदीतील आहे. दयानंद सरस्वती यांनी 'सत्यार्थप्रकाशा'त (दुसरी आवृत्ती, १८८४) 'पोप' म्हणजे पिता असे सांगून, कपटाने इतरांस ठकवून स्वार्थ साधणाऱ्यास ते नाव दिले. त्यांचा रोख एतद्देशीय पुरोहितांवर होता. मराठीतील 'पोपशाही' हा शब्दही रोमच्या सत्तेप्रमाणेच कोणत्याही धर्मातील पुरोहितवर्चस्वास लावला जातो.

खानदेशात पहिला अर्थ केवळ ग्रंथगत नाही. १९८७ साली स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात जळगाव व धुळे हे जिल्हे मोडतात, आणि तेथील बिशपाची नेमणूक पोप करतात. येथील कॅथलिकांस हे पूज्य पदाचे नाव आहे. म्हणून कोशात दोन्ही अर्थ पृथक् नोंदवून दुसऱ्यापुढे 'निंदाव्यंजक' असा निर्देश करणे अवश्य आहे.