टँकर उलटला तर कळवायचे कोणी? मुळशी–लवासाच्या तरुणांनी माहीत करून घ्यावा असा कायदा

१३ जून २०२३ रोजी मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर, खंडाळ्याजवळच्या कुणे पुलावर ज्वालाग्राही रसायनाचा टँकर उलटला आणि पेटला. जळते रसायन पुलावरून खालच्या रस्त्यावर पडले. चौघांचा जीव गेला. खालून जाणाऱ्यांचा त्या टँकरशी काहीही संबंध नव्हता.

कुणे मावळात आहे, पण प्रश्न शेजारच्या मुळशीचाही आहे. ७ जून २०२१ रोजी पिरंगुटजवळ उरवडे येथील रसायन कारखान्याच्या आगीत १७ कामगार गेले, त्यांत बहुसंख्य महिला होत्या. कारखान्यांना लागणारी रसायने रस्त्यानेच येतात आणि पिरंगुटवरूनच लवासाची वाट जाते. हा रस्ता टेमघर धरणाजवळून घाट चढतो. लवासा वसले आहे ते मोसे नदीवरच्या वरसगाव जलाशयाच्या काठी. दोन्ही धरणांचे पाणी खडकवासल्यात उतरते आणि पुणेकर ते पितात. म्हणजे या घाटात डिझेलचा किंवा ॲसिडचा टँकर उलटला, तर धोका आधी काठावरच्या वाड्या-वस्त्यांना आणि पाठोपाठ शहराला आहे.

कायदा काय सांगतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२९ ते १३७ धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी आहेत. त्यांत जबाबदारी तिघांवर वाटलेली आहे.

१) माल पाठवणारा (नियम १३१) : मालाची आणि त्याच्या धोक्याची खरी व पूर्ण माहिती वाहनमालकाला आणि चालकाला देणे.

२) वाहतूकदार किंवा वाहनमालक (नियम १३२) : वाहन त्या मालासाठी योग्य आहे ना, चालकाला धोका समजला आहे ना, हे पाहणे.

३) चालक (नियम १३३ आणि १३६) : मालाची लेखी माहिती केबिनमध्ये ठेवणे. अपघात झाल्यास तात्काळ जवळच्या पोलीस ठाण्याला आणि मालकाला कळवणे.

माल पेट्रोलियमचा असेल आणि आग किंवा स्फोटात जीवितहानी वा गंभीर नुकसान झाले असेल, तर पेट्रोलियम कायदा, १९३४ चे कलम २७ लागू होते. त्या वेळी ज्याच्या ताब्यात माल असेल त्याने जवळचे दंडाधिकारी किंवा पोलीस ठाणे आणि स्फोटक विभागाचे मुख्य नियंत्रक यांना ताबडतोब कळवायचे असते. या विभागाचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

१९९६ चे रासायनिक अपघातविषयक नियम वाहतुकीत घडलेल्या मोठ्या अपघातालाही लागू आहेत. त्यांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गट असतो.

त्रुटी कुठे आहे?

नियम १३६ ‘तात्काळ कळवा’ म्हणतो, पण नंतर सविस्तर लेखी अहवाल मागत नाही. अमेरिकेत गंभीर घटना १२ तासांच्या आत फोनने कळवावी लागते आणि ३० दिवसांत लेखी अहवाल द्यावा लागतो. काय सांडले, किती सांडले, का सांडले, हे त्यात नोंदवले जाते. आपल्याकडे चालकाचा फोन पोलिसांपर्यंत पोहोचला की कायद्याचे समाधान होते. ओढ्याकाठच्या गावाला काय सांडले हे कळवा, असे हा नियम म्हणत नाही.

दुसरी अडचण आपल्या हातची आहे. अपघात झाला की जमाव चालकावर धावून जातो, म्हणून चालक पळतो. जमावाच्या रोषाची ही भीती मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही मान्य केलेली आहे. जानेवारी २०२४ च्या चालकांच्या संपातही हेच दुःख बोलले गेले. पण टँकरमध्ये काय आहे हे त्या घटकेला जागेवर एकट्या चालकालाच माहीत असते. त्याला मारणे म्हणजे माहितीचा दरवाजा आपणच बंद करणे. त्याला वाचवा, बाजूला बसवा, काय माल आहे ते विचारा.

आपण काय करायचे?

• चालक सापडला नाही तर लांबूनच पाटी वाचा. नियम १३४ नुसार दोन्ही बाजूंना आणि मागे माहितीची पाटी हवी. तिच्यावर मालाचे नाव, चार अंकी क्रमांक आणि फोन नंबर असतात. १२०३ म्हणजे पेट्रोल, १२०२ डिझेल, १०७५ एलपीजी, १०१७ क्लोरीन, १८३० सल्फ्युरिक ॲसिड.

• ११२ वर फोन करा. ठिकाण, पाटीवरचा क्रमांक आणि जवळचा ओढा वा धरण सांगा.

• सांडलेले इंधन डब्यांत भरायला कोणालाही जाऊ देऊ नका. वाऱ्याच्या उलट दिशेला लोकांना हलवा.

• नुकसान झालेल्यांची यादी करा. सार्वजनिक दायित्व विमा कायदा, १९९१ वाहतुकीलाही लागू आहे. अधिसूचित प्रमाणापेक्षा जास्त घातक पदार्थ असेल, तर चूक कोणाची हे सिद्ध न करताही मदत मागता येते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, पाच वर्षांच्या आत करायचा.

• संकट गटाच्या बैठका कधी झाल्या, लवासा रस्त्यासाठी काय आराखडा आहे, हे माहिती अधिकारात विचारा.

तथागतांनी उपासकांना वर्ज्य सांगितलेल्या व्यापारांत विषाचा व्यापार आहे. क्लोरीनने पाणी शुद्ध होते, म्हणून प्रत्येक रसायन विष म्हणता येणार नाही. पण पाटी खोटी लावणे, गळती दडवणे, गावाला अंधारात ठेवणे हा चौथ्या शीलाचा सरळ भंग आहे, मग तो करणारा मोठा कारखानदार असो की अधिकारी. बाबासाहेबांनी मजूरमंत्री म्हणून कामगाराच्या सुरक्षेचा विषय सरकारच्या दारी नेला. रस्त्याकडेच्या वस्तीची सुरक्षा हा त्याच कामाचा पुढचा भाग आहे. येत्या रविवारी विहारात वंदनेनंतर हे पाच क्रमांक फळ्यावर लिहा आणि मुलांकडून पाठ करून घ्या.

जय भीम! नमो बुद्धाय!