कुंडीतील वाफसा

द्वितीय वर्ष कला

घरात ठेवलेल्या कुंडीतील झाडाचे पान पिवळे पडले, की पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो पाण्याचा. ‘बिचारे सुकले’ असे म्हणून कोणीतरी तांब्याभर पाणी ओतते. चार दिवसांनी आणखी दोन पाने पिवळी होतात आणि आणखी एक तांब्या ओतला जातो. दिवाणखान्यातील आणि कचेऱ्यांतील पुष्कळशी झाडे अशी पाण्यानेच मरतात. हे कसे घडते, ते सांगण्याचा हा अल्पसा प्रयत्न आहे.

वनस्पतिशास्त्र हा माझा विषय नाही. मी कलाशाखेची विद्यार्थिनी आणि आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. पण शेतकऱ्याच्या घरात जन्मल्यामुळे एक शब्द मी लहानपणापासून ऐकत आले आहे. तो शब्द म्हणजे ‘वाफसा’. मोठा पाऊस झाल्यावर आमचे आबा लगेच कुळव जुंपत नाहीत. मूठभर माती उचलून दाबून पाहतात आणि म्हणतात, “अजून वाफसा नाही.” जास्तीचे पाणी निचरून गेले, मातीच्या कणांभोवती ओल राहिली आणि कणांमधल्या पोकळ्यांत हवा शिरली, की वाफसा आला. पिकाला जी स्थिती लागते तीच कुंडीतल्या झाडालाही लागते.

याचे कारण असे, की मुळेही श्वसन करतात. त्यांना प्राणवायू मातीतल्या पोकळ्यांतून मिळतो. पोकळ्या पाण्याने भरल्या, की हा पुरवठा जवळजवळ तुटतो. कारण हवेच्या मानाने पाण्यातून प्राणवायू सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो. गुदमरलेली मुळे काळी पडून कुजू लागतात. पिथियम, फायटोप्थोरा यांसारखे बुरशीसदृश जीव अशा चिखलात फोफावतात आणि उरलेली मुळेही खातात.

आता गंमत पाहा. कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून भोवती पाणी असूनही झाड मान टाकते आणि आपण ते तहानलेले समजतो! नत्रही वर जाईनासे होते. तेव्हा झाड जुन्या पानांतील हरितद्रव्य मोडून त्यातले नत्र कोवळ्या पानांकडे पाठवते. त्यामुळे खालची पाने आधी पिवळी पडतात. माती ओली असून खालची पाने पिवळी आणि मऊ पडत असतील, तर दोष बहुधा निचऱ्याचा असतो. याउलट शेंड्याची नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण होय. पानांची टोकेच करपली, तर मातीचा कोरडेपणा किंवा पाण्यातले क्षार यांचा संशय घ्यावा.

घरात हा धोका अधिक असतो, कारण उजेड कमी. उजेड कमी म्हणजे पानांतून बाष्प कमी जाते आणि कुंडीतले पाणी संपायला वेळ लागतो. त्यातून कुंडी प्लास्टिकची किंवा चिनी मातीची असली, तर तिच्या अंगातून पाणी झिरपून उडत नाही. मातीच्या साध्या कुंडीला तो गुण आहे.

आपल्याकडची काळी माती शेतात सोने, पण कुंडीत अवघड. भिजली की ती फुगते आणि पोकळ्या मिटतात. सुकली की आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते. मग वरून ओतलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली वाहते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. म्हणून अशा मातीत भरड वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत सढळ हाताने मिसळावे.

तळाशी खडीचा जाड थर घातला की निचरा सुधारतो, असा एक सार्वत्रिक समज आहे. तो खरा नाही. बारीक माती पाणी धरून ठेवते आणि स्वतः पूर्ण भिजल्याशिवाय खालच्या खडीत सोडत नाही. स्वयंपाकघरातला जाड स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणे थांबले, की तोच स्पंज उभा करा. पुन्हा पाणी गळेल. थराची उंची वाढली, की निचरा वाढतो. खडी घालून आपण मातीची उंची कमी करतो आणि तळाचा चिखल मुळांच्या आणखी जवळ आणतो. भोकावर माती अडवण्यापुरती एक खापरी पुरे.

उपाय सोपे आहेत. बोट दोन पेरे मातीत खुपसून पाहावे आणि कोरडे लागले तरच पाणी घालावे. घालताना भोकातून बाहेर येईपर्यंत घालावे आणि ताटलीत साचलेले ओतून टाकावे. झाड फारच खचले असेल तर कुंडीतून काढावे, काळी, दुर्गंधी सुटलेली मुळे कापावीत, पांढरी ठेवावीत आणि नव्या भुसभुशीत मातीत लावावे.

हा विषय मला कुंडीएवढाच वाटत नाही. नीरा खोऱ्यात कालवा आला आणि काही वर्षांतच जमिनी खारपड होऊ लागल्या. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी १९१० च्या सुमारास त्यांचा अभ्यास केला. आमच्याही कालव्याखालच्या शेताचा खालचा तुकडा असाच चोपण झाला आहे. तिथला ऊस दरवर्षी पिवळा पडतो आणि त्या तुकड्याचा खर्चसुद्धा निघत नाही. आबा तिथे चर खोदण्यासाठी पैसे साठवत आहेत. पाणी आणणारा माणूस सर्वांना दिसतो, ते काढून देणाऱ्या चराकडे मात्र कोणी पाहत नाही. ‘अति तेथे माती’ ही म्हण आपण सारेच जाणतो. तेव्हा आपल्या ग्रंथालयाच्या खिडकीतील मनीप्लांटला पाणी घालण्यापूर्वी प्रत्येकाने एकदा मातीत बोट घालून पाहावे, एवढीच विनंती.